एक गाव, एक नोकरी, छप्पन्न वर्षे



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी शाळेत कोणता खेळ शिकवला असे विचारले तर त्यांचे विद्यार्थी एकमेकांच्या तोंडाकडे पाहतील. खो-खो म्हणावे तर कबड्डी राहते, कबड्डी म्हणावे तर व्हॉलीबॉल राहतो, आणि संमेलनाचे लेझीम कोणी बसवले हे तर सगळ्यांनाच ठाऊक आहे. सकाळी फक्की टाकून मैदान आखणारे तेच आणि जिल्हा स्पर्धेला जाताना एस.टी.त मुलांची डोकी मोजणारेही तेच. अशी माणसे महाराष्ट्रात गावोगाव झाली. त्यांच्या कामाची लेखी नोंद म्हणाल तर हजेरीपुस्तक आणि कपाटातल्या ढाली, एवढीच. म्हणून आज मी अशा एका कोचबद्दल बोलणार आहे, ज्यांनी हेच काम अमेरिकेतल्या लुइझियानात 56 वर्षे केले आणि ज्यांची नोंद सुदैवाने नीट राहिली. त्यांचे नाव एडी रॉबिन्सन.

फुटबॉल म्हटले की आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांपुढे कोल्हापूरचे शाहू स्टेडियम येते. रॉबिन्सन यांचा फुटबॉल तो नव्हे. तो अमेरिकन फुटबॉल. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता, आणि खेळ बहुतेक हातांचा. अकरा जणांच्या संघाने चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, नाही जमले तर चेंडू दुसऱ्याकडे जातो. या अकरांत एक जण क्वार्टरबॅक. चेंडू प्रथम त्याच्या हातात येतो. कोणता डाव टाकायचा, कोणाला पास द्यायचा, समोरच्यांनी कशी रचना केली आहे, हे सगळे त्याने दोन-तीन सेकंदांत ओळखायचे. बाकीच्यांनी पळायचे, अडवायचे, आडवे पाडायचे. विचार क्वार्टरबॅकने करायचा. एवढे लक्षात ठेवा, कारण माझे आजचे बोलणे शेवटी तिथेच येऊन ठेपणार आहे.

रॉबिन्सन यांचा जन्म 13 फेब्रुवारी 1919 चा, लुइझियानातल्या जॅक्सन गावचा. वडील दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने शेती करत, आई लोकांच्या घरी काम करी. कुटुंब पुढे बॅटन रूजला आले. प्राथमिक शाळेत असताना एकदा हायस्कूलचा कोच आपल्या खेळाडूंना घेऊन आला. ती मोठी मुले त्या माणसाकडे ज्या नजरेने पाहत होती ते या पोराने पाहिले आणि आपण हेच व्हायचे असे तिथेच ठरवले. ही हकीकत ते म्हातारपणापर्यंत सांगत. मला यात विशेष वाटते ते असे, की त्या पोराला खेळाडू व्हायचे नव्हते. त्याला कोच व्हायचे होते.

लेलँड कॉलेजात ते क्वार्टरबॅक म्हणून खेळले, पदवी मिळाली आणि नोकरी मिळाली ती पशुखाद्याच्या गिरणीत, तासाला 25 सेंटची. कृष्णवर्णीय पदवीधराला त्या काळी दक्षिणेत कोचची जागा मिळणार तरी कुठे? गोऱ्यांच्या शाळा-कॉलेजांत प्रश्नच नव्हता, आणि कृष्णवर्णीयांच्या शाळा होत्याच किती! नात्यातून कळले की उत्तर लुइझियानातल्या ग्रॅम्बलिंग गावच्या छोट्या संस्थेला कोच हवा आहे. संस्थेचे तेव्हाचे नाव लुइझियाना नीग्रो नॉर्मल अँड इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूट. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी पाठवलेल्या चार्ल्स अ‍ॅडम्स यांनी 1901 मध्ये तिची सुरुवात केली होती. 1941 साली तिचे अध्यक्ष होते राल्फ वॉल्डो इमर्सन जोन्स. हे अध्यक्ष स्वतःच बेसबॉलचे कोच होते आणि कॉलेजचे गीतही त्यांनीच रचलेले. अशा माणसाने 22 वर्षांच्या रॉबिन्सनना महिना 63 डॉलर 75 सेंटवर ठेवून घेतले.

कामाचे स्वरूप ऐका. फुटबॉल शिकवायचा. बास्केटबॉल शिकवायचा. बेसबॉलला हातभार लावायचा. मध्यंतरात मैदानावर कवायत करणाऱ्या मुलींचे पथक बसवायचे. मैदानातले गवत कापायचे, रेघा आखायच्या, मुलांच्या घोट्यांना पट्ट्या बांधायच्या आणि सामना संपला की त्याची बातमी लिहून वर्तमानपत्राला पाठवायची. मदतनीस म्हणून कॉलेजचा रात्रीचा पहारेकरी. बाहेरगावी सामना असला की निघण्यापूर्वी सगळ्या संघासाठी सँडविच बांधून घ्यायची. हे काटकसरीसाठी नव्हते. वाटेतल्या खाणावळींत कृष्णवर्णीयांना बसू देत नसत, म्हणून होते. भूक लागलेली पंधरा-वीस धिप्पाड मुले, पुढे शंभर मैलांचा रस्ता, आणि रस्त्यावरचे प्रत्येक दार आपल्याला बंद आहे हे प्रत्येकाला माहीत. त्या सँडविचच्या पुडक्यात काय-काय बांधलेले असे, ते महाराष्ट्रात निराळे समजावून सांगावे लागू नये. पळवणकर बाळू पुण्यात गोऱ्या साहेबांना आणि उच्चवर्णीय हिंदूंना गोलंदाजी करत होते, त्या काळात चहाच्या वेळी त्यांना मंडपाबाहेर वेगळ्या भांड्यात चहा मिळे. बाळूंची मला पुढे आणखी एकदा गरज लागणार आहे.

पहिल्या हंगामात रॉबिन्सन यांच्या संघाने तीन सामने जिंकले, पाच हरले. दुसऱ्या हंगामात, 1942 मध्ये, नऊच्या नऊ जिंकले आणि वर्षभरात समोरच्या कोणत्याही संघाला एकही गुण करू दिला नाही. हा पराक्रम फार थोड्यांच्या वाट्याला येतो. आणि पुढच्या वर्षी संघच राहिला नाही. महायुद्ध सुरू होते, मुले सैन्यात गेली. 1943 आणि 1944 ही दोन वर्षे कॉलेजचा फुटबॉल बंद. रॉबिन्सन मग गावच्या हायस्कूलच्या पोरांना शिकवू लागले आणि मुलींना बास्केटबॉल. नऊ-शून्यच्या हंगामानंतर हायस्कूलच्या मैदानावर उतरताना त्यांना कमीपणा वाटल्याचे कुठे दिसत नाही.

युद्धकाळातल्या त्यांच्या हायस्कूलच्या संघाची एक गोष्ट सांगतात. ऐन मोसमात एका बापाने आपल्या मुलांना खेळातून काढून शेतावर नेले. कापूस वेचायला आला होता, हात कमी होते. बापाचे चुकले असे म्हणता येत नाही, वर्षाची कमाई शेतात उभी होती. रॉबिन्सन बापाशी वाद घालायला गेले नाहीत. सगळा संघ घेऊन शेतावर गेले, सगळ्यांनी मिळून कापूस वेचून दिला आणि ती मुले पुन्हा मैदानावर आली. विदर्भ-मराठवाड्यातल्या शाळांत दिवाळीच्या आगेमागे वर्ग का रिकामे होतात हे ज्या शिक्षकांना ठाऊक आहे, त्यांना या गोष्टीचे मोल मी काय सांगावे. मुलगा सरावाला आला नाही, तर तो कुठे गेला आणि का गेला इथपर्यंत जाणे हे रॉबिन्सन यांच्या मते कोचचेच काम होते. कॉलेजच्या वसतिगृहातही तेच. सकाळी सहाला हातात गाईच्या गळ्यातली घंटा घेऊन ते खोल्या-खोल्यांतून फिरत. ही घंटा सरावाची नसे. उठा, न्याहारी करा आणि वर्गात जाऊन बसा, यासाठी ती असे. प्रवासात कोट आणि टाय सक्तीचे. टेबलावर कसे बसावे, पत्रकाराशी कसे बोलावे, हेही ते शिकवत. खेळाडूंतून पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्यांचे प्रमाण त्यांच्याकडे उत्तम होते आणि त्याचा त्यांना विजयांइतकाच अभिमान होता.

बास्केटबॉलची जबाबदारी त्यांनी 1956 पर्यंत सांभाळली आणि मग फ्रेड हॉब्डी यांच्याकडे दिली.  

आता मुख्य विषयाकडे येतो.

1949 साली पॉल यंगर हा ग्रॅम्बलिंगचा खेळाडू, ज्याला सगळे ‘टँक’ म्हणत, लॉस एंजेलिस रॅम्स या व्यावसायिक संघात निवडला गेला. कृष्णवर्णीयांच्या कॉलेजातून एन.एफ.एल. या व्यावसायिक लीगमध्ये गेलेला हा पहिला खेळाडू. निघण्यापूर्वी रॉबिन्सन यांनी त्याला बजावले, की तू अपयशी झालास तर ते म्हणतील, आम्ही त्यांच्यातला उत्तम होता तो घेऊन पाहिला, त्याला जमले नाही; आणि मग दुसऱ्याची पाळी कधी येईल सांगता येत नाही. एका 21 वर्षांच्या पोराच्या खांद्यावर केवढे हे ओझे! मला हे वाचताना दरवेळी अस्वस्थ व्हायला होते. चांगले खेळणे पुरेसे नाही, सगळ्या समाजाच्या वतीने खेळ, असे त्याला सांगितले गेले. यंगर टिकला. त्याच्यामागून रॉबिन्सन यांच्या हाताखालची दोनशेहून जास्त मुले व्यावसायिक संघांत गेली. विली डेव्हिस, विली ब्राऊन, बक ब्यूकॅनन आणि चार्ली जॉइनर हे चौघे व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये आहेत. 1963 मध्ये ए.एफ.एल. या लीगच्या निवडीत सगळ्यांत पहिले नाव पुकारले गेले ते ब्यूकॅननचे.

पण तोवर यांत क्वार्टरबॅक एकही नव्हता. कृष्णवर्णीय मुलगा ताकदीचा, वेगाचा, हे व्यावसायिक संघांनी मान्य केले होते. तो विचार करील, दहा गोऱ्यांना हुकूम देईल, हे मान्य नव्हते. कॉलेजात क्वार्टरबॅक असलेल्या कृष्णवर्णीय मुलाला ते घेत आणि दुसऱ्याच जागेवर उभा करत. आता बाळूंकडे परत येतो. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी शंभराहून अधिक बळी घेतले. त्या काळात त्यांच्या तोडीचा गोलंदाज हिंदुस्थानात नव्हता. चौरंगी सामन्यांत हिंदूंच्या संघाला त्यांची गोलंदाजी हवी होती, पण वर्षामागून वर्षे गेली तरी त्यांना कप्तानपद दिले नाही. ते मिळाले त्यांच्या भावाला, विठ्ठलला, 1923 मध्ये, आणि तेही भावांनी उघड निषेध केल्यानंतर. हात चालतात, डोके चालायचे नाही. समुद्रापलीकडे तीच रीत होती.

जोतीरावांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली, ती या दोन समाजांची दुखणी सारखी आहेत हे ओळखूनच. म्हणून रॉबिन्सन यांचा हा पुढचा भाग मला परका वाटत नाही.

हॉवर्ड कोसेल या टीव्हीवरच्या नामांकित समालोचकाने त्यांना विचारले होते, की तुम्ही इतके खेळाडू दिले, क्वार्टरबॅक का देत नाही? रॉबिन्सन यांनी तो प्रश्न मनाला लावून घेतला. मन्रो गावचा जेम्स हॅरिस हा मुलगा ग्रॅम्बलिंगला आला तेव्हा त्यांनी ठरवले की याला व्यावसायिक क्वार्टरबॅक करायचे. इथे एक गोष्ट नीट पाहा. त्या वेळी अशी जागा कुठेही रिकामी नव्हती. कोणत्याही संघाने शब्द दिलेला नव्हता. तरीही चार वर्षे त्या मुलाला व्यावसायिक संघ खेळतात तसे डाव शिकवले, समोरची रचना वाचायला शिकवली आणि जागा बदलून घेऊ नकोस हे मनावर ठसवले. 1969 च्या निवडीत हॅरिसचे नाव आले ते आठव्या फेरीत. इतका मागे पडल्यावर त्याला जाऊच नये असे वाटले. रॉबिन्सन यांनी त्याला सांगितले, जायचे की नाही हे तू ठरव, पण गेलास आणि टिकला नाहीस तर काळा आहे म्हणून टिकलो नाही, असे येऊन सांगू नकोस.

या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. वरवर पाहता ते अन्यायाची बाजू घेणारे वाटते. अन्याय तर होताच, रॉबिन्सननी तो रोज भोगला होता. मग मुलाच्या तोंडातून तक्रारीचा हक्क का काढून घ्यायचा? मला वाटते, ते हॅरिसला जगाबद्दल काही सांगत नव्हते. तयारीबद्दल सांगत होते. आपल्याकडून काही राहून गेले असेल तर ते अन्यायाच्या नावावर झाकले जाऊ नये, एवढाच त्याचा अर्थ. पण हेही म्हणतो, की हे बोलण्याचा अधिकार फक्त त्यालाच आहे, जो पहाटे सहाला घंटा घेऊन उठला आहे. माडीवर बसलेल्याने हे वाक्य उचलले तर ते क्रूर ठरते. आपल्याकडे ‘मेहनत करा, तक्रार करू नका’ हे बोधामृत पाजणारे पुष्कळ आहेत, त्यांच्यातल्या कितींनी कोणाचा कापूस वेचून दिला?

हॅरिस बफेलो बिल्सकडून हंगामाच्या पहिल्याच सामन्यात क्वार्टरबॅक म्हणून उतरला. पुढे रॅम्सकडून खेळताना बाद फेरीचा सामना जिंकून देणारा तो पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक ठरला. मग आला डग विल्यम्स, लुइझियानातल्याच झॅकरीचा. 1978 मध्ये टॅम्पा बेने त्याला पहिल्या फेरीत घेतले. 31 जानेवारी 1988 रोजी सॅन डिएगोत सुपर बोलचा, म्हणजे एन.एफ.एल.च्या विजेतेपदाचा, सामना झाला. विल्यम्स वॉशिंग्टनकडून खेळत होता. सामन्याच्या पहिल्या पाव भागात डेन्व्हर 10-0 ने पुढे, आणि विल्यम्सचा गुडघा मुरगळला. तो मैदानाबाहेर गेला आणि परत आला. दुसऱ्या पावात वॉशिंग्टनने 35 गुण केले. त्या एका पावात विल्यम्सने चार टचडाउन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे पास, दिले. सामना 42-10 असा संपला आणि सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू विल्यम्सच. रॉबिन्सन प्रेक्षकांत होते. सामना संपल्यावर त्यांनी आपल्या शिष्याला सांगितले, की आज तू काय केलेस ते तुला आत्ता उमगणार नाही. जो लुईने मॅक्स श्मेलिंगला पाडले त्या रात्रीसारखी ही रात्र आहे. कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा जो लुईच्या त्या 1938 च्या रात्री रॉबिन्सन एकोणीस वर्षांचे होते.

विक्रमाबद्दल थोडक्यात सांगतो. 5 ऑक्टोबर 1985 रोजी डॅलसमध्ये प्रेअरी व्ह्यूविरुद्ध त्यांनी 324 वा विजय मिळवला आणि अलाबामाचे कोच ‘बेअर’ ब्रायंट यांचा सर्वाधिक विजयांचा विक्रम मागे टाकला. काही जणांनी नाके मुरडली, की हे विजय दुय्यम दर्जाच्या कॉलेजांविरुद्धचे. मला या आक्षेपाचा संताप येतो. दक्षिणेतल्या मोठ्या गोऱ्या विद्यापीठांचे दरवाजे कृष्णवर्णीय खेळाडूंना सत्तरच्या दशकाच्या तोंडापर्यंत बंद होते. ज्यांनी ग्रॅम्बलिंगशी सामना खेळायचेच नाकारले, त्यांच्याशी रॉबिन्सन यांनी जिंकायचे कसे? निवृत्तीपर्यंत त्यांची नोंद झाली 408 विजय, 165 पराभव आणि 15 बरोबरी. पुढे हा आकडाही ओलांडला गेला. स्वतः ते म्हणत, माझा खरा विक्रम एवढाच, की एवढी वर्षे नोकरी एकच आणि बायको एकच. डोरिसबाईंशी त्यांचे लग्न 1941 मध्येच झाले होते.

त्यांच्या आयुष्याची दुसरी बाजू मी लपवणार नाही. 1967 मध्ये ग्रॅम्बलिंगच्याच विद्यार्थ्यांनी आंदोलन केले. इथे शिक्षणापेक्षा फुटबॉलला जास्त मान आहे, ही त्यांची तक्रार होती. ती खोटी नव्हती. रॉबिन्सन हे रस्त्यावर उतरणारे नव्हते. अमेरिकेवर त्यांची श्रद्धा होती आणि ती ते उघडपणे बोलून दाखवत. त्या दशकात तरुणांना हे पटणे कठीणच होते. आपल्याकडे 1972 मध्ये दलित पँथर उभी राहिली तेव्हा शाळेत निमूटपणे शिकवणाऱ्या आधीच्या पिढीकडे त्या तरुणांनी अशाच नजरेने पाहिले होते. मला दोन्ही बाजू हव्याशा वाटतात. दार धडका देऊन उघडणारे हवेत, आणि ते उघडेल त्या दिवशी आत जाऊन उभे राहू शकतील अशी मुले तयार करणारेही हवेत. हा दुसरा गट मोर्च्यात दिसत नाही, म्हणून त्याला भित्रा म्हणणे बरोबर नाही.

आणि दार उघडल्यावर काय झाले? मोठ्या विद्यापीठांनी कृष्णवर्णीय खेळाडूंना घ्यायला सुरुवात केली. पूर्वी जे मूल ग्रॅम्बलिंगशिवाय कुठेच जाऊ शकत नव्हते, ते आता लुइझियाना स्टेटला जाऊ लागले. तिथे मोठी स्टेडियमे, मोठ्या शिष्यवृत्त्या, टीव्ही. रॉबिन्सन आयुष्यभर ज्यासाठी झटले ते साधले आणि त्यांच्याच मैदानावरची गर्दी ओसरू लागली. त्यांनी कधी त्या मुलांना दोष दिला नाही. पण शेवटचे तीन हंगाम पराभवाचे गेले. 1996 मध्ये त्यांनी जावे यासाठी दबाव आला, चाहते आणि राजकारणी मधे पडले आणि त्यांना एक वर्ष वाढवून मिळाले. माझे मत विचाराल तर त्यांनी आधीच थांबायला हवे होते. छप्पन्न वर्षे एकच काम करणाऱ्या माणसाला कधी थांबावे हे कळत नाही आणि भोवतालच्यांना ते सांगवत नाही. यात खरी जबाबदारी संस्थेची असते.

1998 मध्ये त्यांच्या जागी डग विल्यम्स कोच झाले आणि त्यांनी 2000 ते 2002 अशी लागोपाठ तीन वर्षे आपल्या परिषदेचे, म्हणजे कॉलेजांच्या गटाचे, विजेतेपद आणले. रॉबिन्सनना त्या सुमारास स्मृतिभ्रंशाने ग्रासले. 3 एप्रिल 2007 रोजी ते गेले. ज्या बॅटन रूजमध्ये वाढताना त्यांना कितीतरी इमारतींत पुढच्या दाराने जाता येत नव्हते, तिथल्या राज्य विधानभवनात त्यांचे पार्थिव लोकांच्या दर्शनासाठी ठेवले गेले. 2009 मध्ये हॅरिस आणि विल्यम्स यांनी मिळून कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांतल्या फुटबॉलपटूंसाठी स्वतंत्र हॉल ऑफ फेम स्थापन केले. आणि फेब्रुवारी 2023 मध्ये सुपर बोलच्या दोन्ही बाजूंना प्रथमच कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक उभे राहिले, पॅट्रिक महोम्स आणि जेलन हर्ट्स. विल्यम्सच्या त्या रात्रीनंतर पस्तीस वर्षांनी.

आज या सभागृहात बरेच क्रीडाशिक्षक आले आहेत. त्यांच्यातले अनेक जण तीन-तीन शाळांचे काम पाहतात, गणिताच्या सरांना हवा म्हणून आपला पी.टी.चा तास सोडून देतात, आणि मैदान नसलेल्या शाळेत संघ तयार करतात. माझे बोलणे मी इथेच थांबवतो. उरलेला वेळ प्रश्नांपेक्षा त्यांनी आपल्या एखाद्या मुलाबद्दल किंवा मुलीबद्दल बोलावे यासाठी द्यावा, अशी अध्यक्षांना माझी विनंती आहे. संयोजकांनी ते लिहून घ्यावे. पुढच्या वर्षीच्या पुस्तिकेत ते छापता येईल.